टायर बदलले की किलोमीटर जुळत नाही : मैलाला टायरचे फेरे किती, ते घरीच काढायची पद्धत

आधी लक्षणं सांगतो, तुमच्याकडे हेच होत असेल तर पुढे वाचा. नवे टायर टाकले की ओळखीच्या रस्त्याचे किलोमीटर वाढलेले नाहीतर कमी झालेले दिसतात, गाडीचा अ‍ॅव्हरेज एकदम सुधारतो किंवा बिघडतो, मोबाईल एक स्पीड सांगतो अन् मीटर दुसरा, आणि मेकॅनिककडे नेली तर तो वायर हलवून पाहतो, सेन्सर पुसतो, पाचशे घेतो आणि आठ दिवसांनी परत तेच. माझ्याकडे हे तीनदा झालं. तिन्ही वेळा कारण वेगवेगळं होतं पण घोळ एकाच आकड्याचा, की आपला टायर एका मैलात किंवा किलोमीटरात फेरे किती मारतो. गाडी बिचारी तोच एक आकडा धरून चालत असते आणि आपल्याला तो माहीतच नसतो.

कारण गाडीला रस्ता दिसत नाही ना. ती फक्त फेरे मोजते. जुन्या केबलवाल्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्समधून केबल यायची, जपानी पद्धतीच्या मीटरला किलोमीटरमागे ६३७ फेरे केबलचे, तेवढे झाले की काटा म्हणणार एक किलोमीटर झाला. आता बहुतेक गाड्यांत चाकाशी एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, सेन्सर असतो, दातेवाल्या रिंगसमोरून एकेक दाता गेला की एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका, म्हणजे समजा ४८ दात्यांची रिंग असेल तर चाकाच्या एका फेऱ्याला ४८ पल्स. कंपनीने आत लिहून ठेवलेलं असतं की इतक्या पल्स म्हणजे एक किलोमीटर. तुम्ही टायर लहान टाकला, फेरे जास्त झाले, गाडी म्हणणार जास्त चाललो. तिचं काही चुकत नाही.

आता माझी कहाणी. हॅचबॅक आहे, कंपनीतून टायर आले होते १६५/८० आर १४. राहतो नागपुरात मनीषनगरला, सासुरवाडी अमरावतीची, त्यामुळे महिन्यातून एक चक्कर ठरलेली. आमच्या गेटपासून त्यांच्या गेटपर्यंत ट्रिप मीटरवर १५४ येतात हे मला पाठ होतं, कोंढाळीला थांबा नाहीतर तळेगावला चहा घ्या, १५४ म्हणजे १५४. टायर घासले, चारही बदलले, आणि पुढच्याच फेरीला गेटवर गाडी लावून पाहतो तर १६०. बायको म्हणे कुठंतरी डायव्हर्जन लागलं असेल, मलाही पटलं, आपल्याकडे कुठं ना कुठं पुलाचं काम सुरूच असते. पण येतानाही १६०.

आणि खरं सांगू का, मी खूश होतो. कारण पेट्रोलचा हिशेब लावला तर अ‍ॅव्हरेज १८ वरून १८.७ वर गेला होता. ऑफिसमध्ये दोघातिघांना सांगून पण टाकलं, ह्या टायरनी अ‍ॅव्हरेज वाढतो म्हणून. आता आठवलं की लाज वाटते.

भांडं फुटलं मावसभावामुळे. त्याने लग्नाच्या कामाला दोन दिवस गाडी नेली, पेट्रोल त्याचं आणि वर किलोमीटरमागे दहा रुपये द्यायचे असं त्यानेच आपणहून ठरवलं होतं. परत आला तर मीटर म्हणे ४३३ आणि त्याच्या मोबाईलच्या नकाशात सगळं मिळून ४१०. "दादा, तुझा मीटर पळून राहिला," म्हणाला. मी म्हटलं तू कुठंतरी गल्लीबोळात फिरला असशील. तेवीस किलोमीटरचे २३० रुपये, रक्कम काही मोठी नाही, पण घरातल्या घरात वाद म्हणजे तो जेवणापर्यंत चालतो. शेवटी त्यानेच खाली जाऊन टायरवर टॉर्च मारली अन् म्हणाला, इथं तर १६५/७० लिहिलंय.

झालं. टायरवाल्याकडे ८० चा माल नव्हता म्हणून त्याने ७० चे टाकले, आणि मला आठवलं की तो बोलला पण होता, "सेमच आहे भाऊ, फक्त दहाचा फरक." बिल मी पाहिलं नाही, ती चूक माझी. पण हा दहाचा फरक कशाचा ते समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

१६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के साईडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, तर १३२ मिलिमीटर. १४ म्हणजे रिम इंचात, गुणिले २५.४, ३५५.६ मिलिमीटर. साईडवॉल वरही आहे अन् खालीही, म्हणून दोनदा धरायची, १३२ दुणे २६४ अधिक ३५५.६, टायरचा व्यास झाला ६१९.६. आता ७० वाल्याचं करा, १६५ चे ७० टक्के ११५.५, दोनदा २३१, अधिक रिम, ५८६.६. म्हणजे टायर ३३ मिलिमीटरने बुटका. दुकानात शेजारी शेजारी उभे केले असते तर डोळ्यांनी दिसलं असतं. फेऱ्यांत हा फरक ५.६ टक्के येतो, आणि ४१० चे ५.६ टक्के म्हणजे बरोब्बर २३. मावसभावाची मी माफी मागितली, २३० रुपये पण सोडले.

पण माझं डोकं दुसरीकडेच अडकलं. भावाचे आकडे ५.६ टक्क्यांनी चुकत होते, मग माझे अमरावतीचे १५४ चे १६० कसे? ५.६ टक्क्यांनी तर १६२-१६३ व्हायला पाहिजेत. वाढ आहे चारच टक्के. हे दोन-अडीच किलोमीटर कुठं गेले? याचं उत्तर मला नंतर मिळालं, आधी फेरे मोजायचं सांगतो.

फेरे काढायला बसलो तेव्हा शाळेतलं केलं, परीघ म्हणजे पाय गुणिले व्यास. ३.१४१६ गुणिले ६१९.६, आला १९४६ मिलिमीटर, म्हणजे किलोमीटरला ५१४ फेरे. टायरच्या इंटरनेटवरच्या माहितीत मात्र सगळीकडे आकडा मैलाला दिलेला असतो, रेव्हज पर माइल, कारण ती पद्धत अमेरिकेकडून आली. मैल म्हणजे १.६०९३४४ किलोमीटर, गुणलं तर ८२७. पण ह्या साइजच्या आसपासच्या टायरांचे छापील आकडे पाहिले तर ते ८५० च्या घरात. म्हटलं ह्यांचं काहीतरी चुकतंय.

मग कोणीतरी अक्कल दिली की गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो, तर व्यास धरू नको, चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत उंची मोज अन् ती त्रिज्या धर. मोजली, २८.७ सेंटीमीटर. दोन पाय आर केलं तर परीघ १८०३, किलोमीटरला ५५५ आणि मैलाला ८९२. हे तर एकदमच वर गेलं. एक आकडा ८२७, एक ८९२, छापील मधेच कुठंतरी. तीन जणांनी मोजलेला प्लॉट असतो तसं.

इथंच बहुतेक लोक फसतात, म्हणून जरा थांबतो. टायर दबला तरी त्याचा घेर दाबाइतका कमी होत नाही. रेडिअल टायरच्या (साइजमधला 'आर' म्हणजे हाच) आत ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली, स्टीलच्या तारांचा पट्टा असतो, तो ताणला जात नाही अन् आवळला पण जात नाही म्हटलं तरी चालेल. पोकलेन चालताना पाहिलं असेल, तिची चेन खाली सपाट पसरलेली असते, आतली चाकं लहान आहेत की मोठी ह्याच्याशी चालीचा संबंध नाही, चेनची जेवढी लांबी तेवढं अंतर एका पूर्ण चकरीत कापलं जातं. टायरचंही जवळपास तसंच. खाली चपटा झाला तरी पट्टा तोच रस्त्यावर अंथरला जातो. म्हणून उंची मोजून काढलेला आकडा कधीच बरोबर येत नाही, फेरे फार जास्त दाखवतो. आणि शाळेतला पाय-व्यासवाला आकडा कमी दाखवतो कारण रबर थोडं दबतं, पट्टा रस्त्यावर टेकतो तिथं थोडा आत जातो. खरा आकडा दोन्हीच्या मधे, पण पायवाल्याच्या जास्त जवळ.

ह्याचा तोडगा युरोपातल्या टायरच्या मानकात आधीच देऊन ठेवलाय, ईटीआरटीओ म्हणून संस्था आहे, ती रेडिअल टायरला ३.१४ च्या ऐवजी ३.०५ ने गुणायला सांगते. बस, एवढंच. ३.०५ गुणिले ६१९.६, १८९० मिलिमीटर. किलोमीटरला ५२९, मैलाला ८५२. छापील आकड्यांच्या घरात आलो.

लक्षात ठेवायला सोपं करून देतो. टायरचा व्यास मिलिमीटरमध्ये काढा, मैलाचे फेरे पाहिजेत तर ५,२७,६५० ला त्याने भागा, किलोमीटरचे पाहिजेत तर ३,२७,८७० ला भागा. मी काही नेहमीच्या साइज करून पाहिल्या, १४५/८० आर १२ ला मैलाला ९८३, १५५/८० आर १३ ला ९१३, १८५/६५ आर १५ ला ८४९, आणि एसयूव्हीवर येतो तो २१५/६० आर १६ घेतला तर ७९४. एक गंमत पाहा, माझा १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५, रिम वेगळी, रुंदी वेगळी, पण फेरे ८५२ आणि ८४९. म्हणूनच एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरिअंटला एक अन् वरच्याला दुसरा टायर देता येतो, मीटरला फार कळत नाही. आणि १६५/७० आर १४, जो माझ्या गळ्यात मारला, त्याचे ९००. रिम तीच, रुंदी तीच, फेरे मात्र ४८ जास्त. म्हणजे टायरचा नंबर दिसायला जवळचा असून उपयोग नाही.

टायरवाल्याकडे परत गेलो, थोडी कुरकुर झाली, थोडे पैसे वर टाकले आणि ८० चे टायर बसले. आता मात्र कागदावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून प्रत्यक्ष मोजायचं ठरवलं. ही पद्धत फुकटात होते, तासभर लागतो, तीन माणसं पाहिजेत.

आमच्या लेआउटमध्ये मागच्या बाजूला सिमेंट रोड आहे, सपाट, पहाटे सहाला तिथं कुत्रंसुद्धा नसतं. पहाटेच जा, एकतर टायर थंड पाहिजेत, रात्रभर उभी गाडी, हवा दारावरच्या स्टिकरवर दिलीय तेवढी, आणि दुसरं म्हणजे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापत्या नऊ दिवसांत, सकाळी नऊनंतर तुम्ही रस्त्यावर वाकून टेप धरू शकत नाही. बाजूचं घराचं काम सुरू होतं तिथल्या मिस्त्रीकडून ओळंबा मागितला आणि ३० मीटरचा टेप. आणि खडू.

मोजायचं ते मागच्या चाकाचं. माझी गाडी पुढच्या चाकांनी ओढते, आणि ओढणारं चाक जोर लावताना किंचित जास्त फिरतं, म्हणून जे चाक नुसतं मागं लोळत येतं तेच घ्यायचं, आणि गाडी इंजिनवर न चालवता न्यूट्रलला टाकून ढकलायची. मी स्टेअरिंगवर बसलो म्हणजे माझं वजनही गाडीत आलं, भाचा मागून ढकलायला, आणि मिस्त्री स्वतःच उत्साहाने चाकाशी बसला. टायरच्या साईडवॉलवर खडूने मध्यापासून खालपर्यंत सरळ रेघ ओढली. हबच्या मधोमध ओळंब्याचा दोरा धरायचा, खडूची रेघ बरोबर दोऱ्याच्या मागे आली की ती तळाला आली, तिथं रस्त्यावर खूण. मग ढकला, दहा फेरे मोजा, दहावा फेरा पुरा होऊन रेघ परत दोऱ्यामागे आली की थांबवा अन् दुसरी खूण. स्टेअरिंग अजिबात हलवायचं नाही.

पहिल्यांदा आले १७.०४ मीटर. म्हणजे किलोमीटरला ५८७ फेरे. मी घामाघूम, आता हे कुठलं नवीन प्रकरण. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "साहेब, नऊच झाले." खरंच नऊ. भाच्याने पहिली खूण केली तिथंच 'एक' म्हणून सुरुवात केली होती. शून्यापासून मोजायला लावलं, तेव्हा आले १८.९३, परत केलं १८.९१, अजून एकदा १८.९४. सरासरी धरली तर एका फेऱ्याला १.८९३ मीटर, किलोमीटरला ५२८, मैलाला ८५०. ३.०५ वाला हिशेब म्हणत होता ८५२. खडू, दोरा आणि मिस्त्रीच्या टेपने एवढं जवळ आलं ह्याचं मलाच आश्चर्य वाटलं.

एकच फेरा मोजून काम उरकू नका बरं का. एका फेऱ्यात तुमची खूण एक सेंटीमीटर इकडेतिकडे झाली तर अर्ध्या टक्क्याची चूक, दहा फेऱ्यांत तीच चूक दहापट लहान होते.

तिथंच असताना हवेचा पण निकाल लावून टाकला, कारण प्रत्येक पंक्चरवाला सांगतो की हवा कमी असली की मीटर चुकतो. चाकात ३३ होती ती २५ वर आणली. चाकाचा मध्य जमिनीपासून आठ मिलिमीटरने खाली गेला, डोळ्यांना टायर बसलेला दिसत होता. आणि दहा फेरे? १८.८८. पाव टक्का. म्हणजे अमरावतीपर्यंत अर्धा किलोमीटर पण नाही. हवा कमी ठेवायला हे सांगत नाहीये, कमी हवेने टायर तापतो आणि आपल्याकडच्या उन्हात, त्यात समृद्धीसारख्या काँक्रिटच्या रोडवर १२० ने जाताना तापलेला टायर म्हणजे खेळ नाही. १२० ला हा टायर सेकंदाला साडेसतरा फेरे मारतो, आणि प्रत्येक फेऱ्यात एकदा दबतो अन् एकदा सुटतो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर म्हणजे एकेका चाकाचे ३ लाख ७१ हजार फेरे. फक्त एवढंच म्हणतो की मीटर सहा टक्के चुकत असेल तर हवेवर ढकलू नका.

ह्या पाव टक्क्याचा उपयोग मात्र गाडीवाले करतात. काही गाड्यांत टायरमध्ये हवेचा सेन्सर नसतोच, गाडी चारही चाकांचे फेरे एकमेकांशी ताडून पाहते, एक चाक इतरांपेक्षा किंचित जास्त फिरून राहिलं तर दिवा लागतो. शेजाऱ्याच्या गाडीत हा दिवा दर दोन दिवसांनी लागायचा, हवा बरोबर, पंक्चर नाही, दोन ठिकाणी दाखवून झालं. त्याने एक टायर फुटल्यावर एकच नवीन घेतला होता, बाकी तीन घासलेले. दोन नवे एका एक्सलला घेतले, हवा भरून सिस्टीम रीसेट केली, दिवा गेला. हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर रीसेट करायचं असतं हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण मॅन्युअल कोण उघडतो.

आता तो अमरावतीचा उरलेला हिशेब. बरोबर साइजचे टायर टाकून गेलो, १५४ येणार म्हणून निवांत होतो, तर आले १५२ च्या आत. परत डोकं फिरलं. घरी येऊन जुनी पेट्रोलची डायरी काढली, मी गाडी घेतल्यापासून लिहितो, त्यात पहिल्या वर्षीच्या पानांवर अमरावती १५१, १५२, १५१.६ असं माझ्याच अक्षरात. मधल्या वर्षांत १५३ झालंय. शेवटच्या दीड वर्षात १५४. रस्ता तोच, गेट तेच. वाढत गेलं ते टायर घासल्यामुळे, आणि माझ्या डोक्यात पक्का बसलेला १५४ हा जुन्या टायरांचा आकडा होता.

नव्या टायरवरच्या नक्षीची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते. माझ्या काढलेल्या टायरांवर तीन उरली होती. पाच मिलिमीटर वरून गेली अन् पाच खालून, व्यास दहाने कमी, ६१९ मधले १० म्हणजे एक पूर्णांक सहा टक्के. १५१.६ चे एक पूर्णांक सहा टक्के वाढवा, १५४ येतात. आणि मग पहिल्या दिवसाचं कोडं पण सुटलं, मी घासलेल्या मोठ्या टायरवरून नव्या लहान टायरवर आलो होतो, म्हणून फरक ५.६ च्या ऐवजी चार टक्केच दिसला. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर वापरता येतो, तिथपर्यंत नेला तर फेरे दोन टक्क्यांनी वाढलेले असतात. मैलाला ८५२ वाला टायर शेवटी ८७० मारतो. म्हणून नवे टायर टाकल्यावर अ‍ॅव्हरेज दीड-दोन टक्क्यांनी पडलेला दिसला तर लगेच इंजिनवर संशय घेऊ नका, गाडी तेवढीच चालतेय, मीटर आता कमी मोजतो एवढंच.

तिसरी तक्रार स्पीडची. टायर बरोबर, किलोमीटर बरोबर, तरी काटा १०० वर असताना मोबाईल ९५ दाखवतो. मी परत मेकॅनिककडे जाणार होतो. पण ह्यात बिघाड काही नाही. स्पीडोमीटरसाठी संयुक्त राष्ट्रांचा एक नियम आहे, ३९ नंबरचा, तो म्हणतो की काटा खऱ्या स्पीडपेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये, जास्त दाखवला तर खऱ्या स्पीडच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत चालेल. म्हणजे खरे ८० असताना ९२ पर्यंत दाखवणं त्या नियमात बसतं. कंपन्या सुरक्षित बाजूला राहायला काटा मुद्दाम थोडा वर ठेवतात, किलोमीटरचा आकडा वेगळा असतो, त्यात ती भर नसते. त्यामुळे टायर तपासायचा तर स्पीड नाही, ट्रिप मीटर घ्या.

ट्रिप मीटर तपासायचा तर एका किलोमीटरच्या दगडावरून दुसऱ्यापर्यंत पाहून काही होत नाही, रस्ता रुंद करताना, वळण काढताना दगड इकडेतिकडे झालेले असतात. निदान वीस किलोमीटर घ्या, सरळ रस्ता असेल तर मोबाईलचा जीपीएस सोबत लावा, आणि दगड वाचायचं काम बाजूला बसणाऱ्याचं, गाडी चालवणाऱ्याचं नाही. वीसला मीटर २१.१ दाखवत असेल तर साडेपाच टक्के, टायरची साइज पाहा. २०.३ असेल तर टायर घासलेत. साइज बरोबर, खाचही पुरेशी आणि तरी मीटर चुकत असेल तर मग सेन्सर, वायर, रिंगमध्ये अडकलेली माती, ते सगळं मेकॅनिकचं.

चुकीच्या साइजवर काही दिवस काढायचेच असले तर मीटरचे किलोमीटर गुणिले बरोबर टायरचे फेरे आणि भागिले लावलेल्या टायरचे फेरे, असा हिशेब करा. उलटं करू नका, मी एकदा केलं होतं. मीटरचा आकडा गुणिले ८५२, भागिले ९००. भावाचे ४३३ घ्या, ४१० येतात. सर्व्हिस आणि वॉरंटीचे किलोमीटर पण तेवढेच लवकर संपतात हे ध्यानात असू द्या. काही गाड्यांत स्कॅनर लावून टायरची साइज बदलून देता येते, पण माझं मत विचाराल तर सॉफ्टवेअरपेक्षा टायर बरोबर घ्या, त्यात ब्रेक आणि वजनाचा पण प्रश्न असतो.

मैल-किलोमीटरचं हे सगळं गुणाकार-भागाकार करून कंटाळा आला तेव्हा एकदा आमच्या नागपुरातल्या झिरो माइलपाशी, म्हणजे इंग्रजांच्या काळात जिथून अंतरं मोजायचे त्या खांबापाशी, गाडी हळू केली होती. चार घोडे, मधला खांब, आणि बाजूच्या दगडावर गावांची अंतरं कोरलेली, सगळी मैलात, सिवनी ७९, जबलपूर १७०. म्हटलं चला, सिवनीपर्यंत माझ्या टायरचे सव्वासदुसष्ट हजार फेरे. मागून सिटी बसवाल्याने हॉर्न मारला.

आता डॅशबोर्डच्या कप्प्यात एक चिठ्ठी ठेवलीय, त्यावर टायरची साइज, मैलाला ८५०, किलोमीटरला ५२८, खाच आठ, अमरावती १५१.६ आणि तारीख. टायरवाल्याकडे जाताना तीच दाखवतो. परवा जाऊन आलो, १५१.९. खाच साडेसात.